घरात उरलेली औषधं दवाखान्याला द्यावीत की नाही?

सांजवेळ
बाबा जाऊन महिना झाला. कपाट आवरताना रक्तदाबाच्या गोळ्यांच्या अकरा न फोडलेल्या स्ट्रिप्स, इन्सुलिनची दोन पेनं आणि खोकल्याच्या औषधाची अर्धी बाटली निघाली. गोळ्यांची मुदत संपायला अजून दीड वर्ष आहे. धर्मादाय दवाखान्यात घेऊन गेले, तर तिथल्या सिस्टरनी हात जोडले, "घरातली औषधं आम्ही घेत नाही." मला रडूच आलं. हीच गोळी परवडत नाही म्हणून चुकवणारा कुणीतरी तिथल्याच बाकावर बसलेला असेल. सीलबंद, मुदतीतलं औषध नाकारणं मला चूक वाटतं.

खलबत्ता
मी फार्मसिस्ट आहे. तुमचं दुःख समजतं, पण सिस्टर बरोबर होत्या. स्ट्रिपवर छापलेली मुदत ठरावीक तापमान धरून काढलेली असते. उन्हाच्या खिडकीत दोन उन्हाळे काढलेली गोळीही दिसायला तशीच दिसते. इन्सुलिनचं तर विचारूच नका. न वापरलेलं २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, आणि एकदा गोठलं की गेलं. जागतिक आरोग्य संघटनेची औषधदानाची तत्त्वं सांगतात की रुग्णाला दिलेलं औषध परत घेऊन दुसऱ्याला देऊ नये. या नियमामागे अनुभव आहे. १९९२ ते १९९६ दरम्यान युद्धग्रस्त बोस्नियात मदत म्हणून गेलेल्या औषधांपैकी अंदाजे १७,००० टन निरुपयोगी होती. ती नष्ट करण्याचा भार त्याच पोळलेल्या लोकांवर पडला.

ओंजळ
बोस्नियात ट्रक भरभरून काहीही पाठवलं गेलं. इथे ११ स्ट्रिप्सचा प्रश्न आहे. मी घेणाऱ्या बाजूची. आईच्या गोळ्या महिनाभर पुरवायच्या म्हणून एक दिवसाआड दिल्यात मी. गोळी चुकल्यावर रक्तदाब कसा चढतो ते पाहिलंय. अमेरिकेत आयोवा राज्यात २००७ पासून दान आलेली औषधं फार्मसिस्टकडून तपासून गरजूंना देतात. तिथे जमतं, मग इथे सरसकट नकार का?

खलबत्ता
तिथे त्यासाठी वेगळी यंत्रणा उभी केली आहे. छोट्या दवाखान्यात एक डॉक्टर, एक सिस्टर. त्यांनी पेशंट बघायचे की पिशव्या निवडत बसायचं? फ्रान्समध्ये औषध दुकानांत परत आलेली औषधं पूर्वी गरीब देशांत पाठवत. २००९ पासून तेही बंद केलं, आता जाळतात.

पिंपळपान
एक राहिलंच. अर्धवट सोडलेली अँटिबायोटिकं कृपा करून कुणालाही देऊ नका. उरलेल्या चार गोळ्यांत बहुतेकांचा कोर्स पूर्ण होत नाही.

सांजवेळ
इन्सुलिन आणि बाटलीचं पटलं. स्ट्रिप्सचं नाही. त्या कपाटातल्या डब्यात होत्या, ऊन कधी लागलं नाही. तपासायला माणूस नाही एवढीच अडचण असेल, तर आठवड्यातून एक तास कुणी फार्मसिस्ट आला तर? खलबत्ता, तुम्ही याल?

खलबत्ता
ऊन लागलं नाही हा तुमचा शब्द, मला तो स्ट्रिपवर वाचता येत नाही. तरी येईन. आधी दवाखान्याच्या डॉक्टरांना विचारा आणि कायद्यात बसतं का ते लेखी घ्या. बसत नसेल तर मी हात लावणार नाही. बसत असेल तरी ज्या स्ट्रिपवरचा बॅच नंबर वाचता येत नाही ती बाजूला काढेन, कारण कंपनीने उद्या तो बॅच परत मागवला तर पेशंटला शोधायचं कसं?

सांजवेळ
सोमवारी जाते. बॅच नंबर आजच बघून ठेवते.