ओएलईडी टीव्हीत नेमकं उजळतं काय?

निशाचर (प्रश्न)

जुन्या एलसीडी टीव्हीवर रात्री दिवे मालवून सिनेमा लावला की चित्राच्या वर-खालच्या काळ्या पट्ट्या राखाडी दिसायच्या. नव्या ओएलईडीवर त्या अंधारात विरून जातात, पडदा कुठे संपतो तेही कळत नाही. यात मागे दिवाच नसतो म्हणे. मग उजेड येतो कुठून? आणि काळोखातली मेणबत्ती लख्ख दिसते, पण सगळा पडदा बर्फाने भरला की पांढरा रंग मंद का होतो?

सोल्डरवाला

टीव्ही दुरुस्त करणं हेच माझं काम, आणि या पॅनेलवर माझा फार जीव आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एलसीडीत मागचा दिवा चालूच असतो, पुढचे द्रवस्फटिक त्याचा प्रकाश अडवतात. तो पूर्ण कधीच अडत नाही. जो झिरपतो, तोच तुमचा राखाडी रंग. ओएलईडीत अडवाअडवी नाहीच. दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये सेंद्रिय संयुगांचे थर असतात, सगळे मिळून केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही पातळ. एका बाजूने इलेक्ट्रॉन शिरतात, दुसऱ्या बाजूने होल, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा. मधल्या थरात त्यांची गाठ पडली की रेणू उत्तेजित होतो आणि मूळ स्थितीत येताना प्रकाश सोडतो. 1987 साली ईस्टमन कोडॅकच्या चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी असा दोन थरांचा दिवा 10 व्होल्टपेक्षाही कमी दाबावर चालवून दाखवला, तेव्हापासून या तंत्राने खरा वेग घेतला.

प्रवाह थांबला की प्रकाश थांबला, म्हणून पट्टी खरोखर काळी. प्रत्येक ठिपक्यामागे ट्रान्झिस्टर आणि एक छोटा कपॅसिटर असतो. पुढची फ्रेम येईपर्यंत किती प्रवाह सोडायचा, ते कपॅसिटर धरून ठेवतो.

आता बर्फ. मेणबत्तीच्या वेळी मोजकेच पिक्सेल प्रवाह खातात, त्यांना भरपूर देता येतो. सगळा पडदा पांढरा झाला की 4के पॅनेलचे जवळपास 83 लाख पिक्सेल एकदम मागायला लागतात. वीजपुरवठ्याला मर्यादा आहे आणि उष्णताही वाढते, म्हणून टीव्ही स्वतःच सगळ्यांचा वाटा कमी करतो. हा बिघाड नाही.

पिक्सेलवेडी

एक भर घालते. बाजारात मुख्यतः दोन घराणी आहेत. एलजीच्या पॅनेलमध्ये वेगवेगळ्या रंगांच्या थरांची चळत मिळून पांढरा प्रकाश देते आणि पुढे लाल, हिरवे, निळे फिल्टर असतात. प्रत्येक पिक्सेल अशा चार पट्ट्यांचा (उपपिक्सेलांचा) असतो, त्यातली चौथी बिनफिल्टरची, म्हणजे पांढरीच. सॅमसंगने 2022 मध्ये टीव्हीत आणलेल्या क्यूडी-ओएलईडीत उजेडाचा मुख्य स्रोत निळा असतो आणि क्वांटम डॉट (प्रकाशाचा रंग बदलणारे अतिसूक्ष्म कण) त्यातून लाल नि हिरवा तयार करतात. पहिल्या प्रकारच्या पडद्यावर पूर्ण लाल चित्र लावून भिंगातून बघा. लाल पट्टी पेटलेली आणि शेजारच्या तिन्ही ठार काळ्या. मला ते दृश्य अजून कंटाळवाणं झालेलं नाही.

निशाचर

दोघांचे मनापासून आभार! मग या काळ्या पट्ट्या रोज तिथेच राहिल्या तर त्यांचा डाग बसेल का? ती धास्ती आहेच.

सोल्डरवाला

उलट आहे. काळे पिक्सेल काहीच करत नसतात, त्यामुळे झिजतही नाहीत. झिजतो तो उजळणारा भाग. बातम्यांच्या वाहिनीचा चिन्हाचा कोपरा किंवा खालची सरकती पट्टी तासन् तास तेजस्वी राहिली तर तिथले रेणू शेजाऱ्यांपेक्षा लवकर थकतात. निळ्याची अडचण सगळ्यात मोठी, कारण निळ्या प्रकाशाला ऊर्जा जास्त लागते आणि त्या ऊर्जेपुढे रेणूंचे बंध तुटतात. सिनेमे बघताना वर्षानुवर्षं फक्त मधलाच भाग पेटत राहिला तर त्याच्या आणि पट्ट्यांच्या तेजात फरक पडू शकतो, पण तुम्ही पूर्ण पडदाभर चित्रंही बघत असणारच, त्यामुळे घोर नको.

एक मात्र कळकळीने सांगतो. रिमोटने टीव्ही बंद केला की लगेच भिंतीवरचं बटण बंद करू नका. काही तासांच्या वापरानंतर टीव्ही स्टँडबायमध्ये गेला की पॅनेल ट्रान्झिस्टर आणि पिक्सेल किती बदललेत ते मोजतं आणि प्रवाहाचं गणित सुधारतं. रोजच वीज तोडली तर ते काम कधी पुरंच होत नाही.

आणि पॅनेल वाकवू नका, कडांवर दाब देऊ नका. या थरांना ओलावा आणि ऑक्सिजन अजिबात सोसत नाही. सील फुटलेलं एक पॅनेल माझ्याकडे आलं होतं, त्याच्या कोपऱ्यातला काळा डाग टेबलावर ठेवल्या ठेवल्या दिवसागणिक आत सरकत होता. तो थांबवायला माझ्याकडे कुठलंच हत्यार नाही, अख्खं पॅनेलच बदलावं लागतं.