गहू बंद, ऊन चालू : ठाणे-नवी मुंबईकरांनो, तुमचे अनुभव लिहा

मंडळी, धाग्याचं निमित्त म्हणजे आमच्या सोसायटीच्या वॉकिंग ग्रुपचा मे महिन्यातला येऊरचा 'छोटासा' फेरफटका. सहाला उपवन तलावाशी जमायचं ठरलेलं, पण कुणाचा चहा, कुणाची टोपी, कुणाला रिक्षा मिळेना असं करत निघायलाच साडेआठ झाले, आणि वर गावापर्यंत जाऊन मागे फिरेस्तोवर ऊन असं काही चढलं की डांबराची धग तोंडावर यायला लागली. पाणी माणशी एक बाटली, तीही चढतानाच संपलेली. त्यात आमच्यातल्या एका वहिनींना सिलिअ‍ॅक आहे, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनाने आतडं खराब होतं, त्यामुळे गहू, रवा, मैदा सगळं बंद. "नाश्त्याचं आम्ही बघतो, तुम्ही फक्त या" असं ग्रुपवर आवर्जून सांगितलेलं आणि नाश्ता निघाला काय तर सँडविच आणि शिरा! उतारावर वहिनींना गरगरायला लागलं तेव्हा एका काकूंनी मायेने आपली बाटली पुढे केली. उन्हाळ्यात थंड पडतं म्हणून उकळून आणलेलं बार्लीचं पाणी. आता बार्लीतपण ग्लूटेन असतं हे काकूंना कुठून माहीत असणार.

तर उन्हातली फजिती लिहा, गहू बंद झाल्यावर घरात काय काय बदललं ते लिहा, दोन्ही एकत्र भोगलं असेल तर आधी तुम्हीच लिहा.

*

त्या वहिनी म्हणजे मीच. बरी आहे, चौकशीबद्दल थँक्यू, आणि काकूंना कुणी काही बोलू नका, त्या दिवशी माझ्या डोक्यावर ओला रुमाल त्यांनीच धरला होता.

माझं निदान व्हायलाच किती काळ गेला. हिमोग्लोबिन वर येईना, लोहाच्या गोळ्यांवर गोळ्या, आणि घरचे म्हणायचे नीट जेवत नाहीस. शेवटी एका डॉक्टरांनी टीटीजी नावाची रक्ताची टेस्ट सांगितली, मग एंडोस्कोपी करून आतड्याचा तुकडा तपासला. एक गोष्ट मुद्दाम लिहिते कारण बरेच जण उलटं करतात : टेस्टच्या आधी आपल्या मनाने गहू सोडायचा नाही. सोडला की टेस्ट नॉर्मल येऊ शकते आणि मग सगळं घोंगडं भिजत पडतं.

स्वयंपाकाचं म्हणाल तर माझं सगळं आयुष्य पोळीचं. भाकरी यायची नाही असं नाही, पण थापली की कडा फाटायच्या, तव्यावर टाकेपर्यंत दोन तुकडे. चेंदणी कोळीवाड्यातून मासे घेऊन येणाऱ्या मावशी एकदा दारात उभ्या राहून बघत होत्या, त्यांना राहवेना, टोपली खाली ठेवली आणि आत आल्या. "पाणी उकळू दे आधी गं, कोमट पाण्यात काय ऐकतंय तांदूळ!" उकळत्या पाण्यात मीठ, मग पीठ, झाकण, गॅस बंद, आणि मग हाताला सोसेल तितकं गरम असतानाच मळायचं. गव्हाला ग्लूटेनचा चिकटपणा असतो, तांदळात तो नाही, उकडीने पीठ चिकट होतं म्हणून धरून राहतं. हे कारण मला नंतर कळलं, भाकरी मात्र त्याच दिवशी फुगली.

*

बेलापूरहून लिहितोय. पारसिक हिलला ऑफिसची चौकडी घेऊन गेलो होतो, दुपारी बारा वाजता, कारण एकाला नंतर क्रिकेट मॅच बघायची होती!! मोबाईलवर ३५ दाखवत होतं, नागपूरचा कलीग म्हणाला हे काय ऊन झालं का. तोच आडवा झाला. आपल्याकडे खाडीची दमट हवा, घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. हवामान खातंसुद्धा उष्णतेच्या लाटेसाठी किनारपट्टीला ३७ धरतं, आतल्या सपाट भागाला ४०, आणि शिवाय नेहमीच्या सरासरीपेक्षा साडेचार तरी जास्त लागतं.

हा पठ्ठ्या आधी चिडचिड करायला लागला, मग काहीतरी असंबद्ध बोलायला लागला, घाम तर धो धो चालूच होता. मला वाटायचं घाम थांबला की उष्माघात. तसं नाही हो, चालून चालून झालेल्या उष्माघातात घाम चालूही असतो, बोलणं बिघडलं की समजायचं. कसाबसा खाली आणला, रसवंतीवाल्याने बर्फाचं पाणी थेट अंगावर ओतलं, पंखा त्याच्याकडे वळवला, आम्ही १०८ ला फोन केला. एकजण तोंडात पाणी ओतायला निघालेला, रसवंतीवालाच ओरडला, शुद्धीत नाय तो, पाजू नका. त्या माणसाला कुणीतरी शाल-श्रीफळ द्या.

*

खारघर. वरच्यांना एकच जोडते. १६ एप्रिल २०२३ ला आमच्या इथे महाराष्ट्र भूषणच्या सोहळ्याला आलेले १४ जण उन्हाने गेले. ते डोंगर चढत नव्हते, नुसते मैदानात बसले होते. तेव्हापासून आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी कुणी "जरा चालून येतो" म्हणालं की मी चप्पल लपवते.

*

माझा मुलगा सिलिअ‍ॅक, आम्ही नेरूळला. लोकांना वाटतं चपाती बंद केली की झालं. अहो हिंग! डबीवरचं बारीक अक्षर वाचा, खड्याचा नसेल तर बहुतेक वेळा त्यात मैदा नाहीतर गव्हाचं पीठ असतं. सोया सॉसमध्ये गहू. मासे रव्यात घोळवून तळलेले. वडापावातला वडा बेसनाचा, पण त्याच तेलात समोसा पोहून गेलेला असतो. आजीने प्रेमाने पाठवलेलं सातूचं पीठ, त्यात गहू. थालीपिठाची भाजणी, त्यातही गहू. गिरणीत ज्वारी दिली तर आधीचा नंबर गव्हाचा, दोन मुठी तांदूळ आधी फिरवून घ्या म्हटलं तर गिरणीवाले असे बघायचे जसं काय मी सोवळं पाळते. शेवटी घरघंटी घेतली, आवाज भयंकर, पण सुटले. पॅकेटवर ग्लूटेन फ्री लिहायचं तर एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षा बघणारी सरकारी संस्था) नियमाने किलोला २० मिलिग्रॅमच्या आत लागतं, म्हणजे किती कमी बघा, पोळपाटावरची पिठी पण भोवते.

गंमत म्हणजे वाचवलं कुणी तर एकादशीने. राजगिरा, वरी, शिंगाडा, साबुदाणा, सगळं चालतं. पोरगा म्हणतो आई माझा रोजच उपास. वाण्याकडून पीठ घेताना मात्र सीलबंदच घ्या, सुट्यात कशाचं काय मिसळलंय सांगता येत नाही.

*

हे सगळं नवीन फॅड आहे. आम्ही सत्तरी ओलांडली, रोज पोळी खातो, दुपारी उन्हातून बँकेत जातो, काही होत नाही.

*

काका, तुम्हाला होत नाही हे उत्तम, खा की पोळी. ज्याला सिलिअ‍ॅक आहे त्याचं आतडं खराब होतं, ते फॅड नाही. आणि उन्हातून बँकेत जाताना छत्री घ्या प्लीज.

*

मी घणसोलीची, नवऱ्याचा गहू बंद, आणि आम्ही दोघं भटके, त्यामुळे डब्याचं सांगते. दहीभात उन्हात नेऊ नका, अकरालाच आंबतो. ओल्या खोबऱ्याची चटणी तर नकोच. इडलीला आतून तेल आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी चोपडून नेली तर छान राहते, ज्वारीच्या लाह्या, फुटाणे, राजगिऱ्याचा लाडू, गूळ-शेंगदाणे. भाकरी न्यायची तर ताज्या पिठाची, पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, जाते आणि डबा उघडल्यावर भुगा. मी ज्वारी वाशीच्या दाणाबाजारातून आणते आणि थोडी थोडीच दळते. पाण्यासोबत कोकमाचं सरबत मीठ घालून, नुसतं पाणी ढोसत राहिलं तरी मीठ कमी पडतं. आणि 'तिथे काहीतरी मिळेलच' हे वाक्य आमच्या घरात बंद आहे, गव्हासोबतच गेलं ते.

*

ओआरएसची पुडी सिलिअ‍ॅकला चालते का? आणि बिनगव्हाचा हिंग कुठे मिळेल, घोडबंदर साइडला?

*

साध्या ओआरएसमध्ये साखर आणि क्षार, धान्य नसतं, तरी पुडीवरचं वाचून घ्या. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा आणि सपाट भरायचा, शीग नको. हिंगाचं मी खड्याचा घेऊन घरी कुटते. तांदळाच्या पिठातला पण येतो, घोडबंदरला कुणाला दिसला तर दुकान सांगा, मलाही हवाय.