सहा माणसं, एफ-१५० आणि तीस फुटी ट्रेलर : ट्रकला झेपेल का?

मिरजकर (फ्रिस्को, टेक्सास)

नमस्कार मंडळी. आमच्याकडे २०२१ ची फोर्ड एफ-१५० आहे. साडेतीन लिटरचं इकोबूस्ट इंजिन, चार दारं, फोर बाय फोर. पुढे बाकासारखं सलग सीट आहे, त्यामुळे सहा जण बसतात. तिच्यामागे अजून कधी काही जोडलेलं नाही.

जूनमध्ये आई-बाबा मिरजेहून तीन महिन्यांसाठी येताहेत. बाबा ७१ वर्षांचे, आई ६६. मुलगा १२, मुलगी ८. दोन आठवड्यांची सुट्टी काढून सगळ्यांना कोलोरॅडो दाखवायचा बेत आहे : अमरिलोवरून रॅटनचा घाट, मग ग्रेट सँड ड्यून्स, पुढे वुल्फ क्रीक पास ओलांडून मेसा व्हर्डे. आईचे गुडघे दुखतात. रात्री उठून कॅम्पग्राउंडच्या बाथरूमपर्यंत चालत जाणं तिला जमणार नाही, म्हणून तंबूचा प्रश्नच नाही. शिवाय आईला रोज स्वतःच्या हातचा स्वयंपाक लागतो. दोन आठवडे मोटेलमध्ये राहून ते कसं होणार?

म्हणून ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे ट्रकमागे ओढायचं चाकांवरचं घर, विकत घ्यायचं ठरवलं. एक पसंतही पडला आहे : तीस फुटी, मागच्या बाजूला मुलांसाठी बंक, म्हणजे एकावर एक खाटा. माहितीपत्रकात कोरडं वजन ६,१५० पौंड आणि भरून जास्तीत जास्त ७,६०० पौंड लिहिलंय. सेल्समन म्हणाला, "तुमचा ट्रक ११,००० च्या वर ओढतो, हा तर त्याला काहीच नाही." बायकोला ते पटलेलं नाही. अनुभवी लोकांनी सांगावं. आई-बाबा गाडीत असणार आहेत, मला अंदाजपंचे काही करायचं नाही.

बायूकाठ (ह्यूस्टन)

बिनधास्त घ्या भाऊ. त्या इंजिनात भरपूर दम आहे. माझा मेहुणा एवढाच ट्रेलर घेऊन दरवर्षी गॅल्व्हस्टनला जातो, कधी अडलं नाही. ट्रकची मागची बाजू बसतेय असं वाटलं तर स्प्रिंगला एअरबॅग, म्हणजे हवेच्या पिशव्या, लावून घ्या, थोडक्यात काम होतं.

खंबाटकी (पुएब्लो, कोलोरॅडो)

बायूकाठ, गॅल्व्हस्टनचा रस्ता तळहातासारखा सपाट आहे. मिरजकर समुद्रसपाटीपासून जवळपास ११,००० फुटांवर निघालेत. आणि एअरबॅगने ट्रकचं बूड वर उचललं जातं, वजन तेवढंच राहतं. आस, टायर, ब्रेक यांना ते वाहावंच लागतं. फक्त ते डोळ्यांना दिसेनासं होतं, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते.

मिरजकर, ट्रेलर सध्या बाजूला ठेवा. ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीच्या खांबावर टायरच्या हवेची माहिती देणारं पिवळ्या पट्ट्याचं लेबल आहे. माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाऊ नये, असं त्यावर लिहिलेलं असतं. तो आकडा इथे द्या. वेबसाइटवरचा नको, तुमच्या दारावरचाच हवा. एकाच वर्षाच्या, एकाच इंजिनाच्या दोन एफ-१५० मध्ये सनरूफ, मोठी चाकं, भारी सीटं यांच्यामुळे काहीशे पौंडांचा फरक पडतो. फॅक्टरीतून बाहेर पडल्यावर तुम्ही पायरी, हौद्यावरचं झाकण असं काही बसवलं असेल तर तेही त्यातून वजा करायचं.

सेल्समनने सांगितलेला ११,००० चा आकडा खोटा नाही. एसएई जे-२८०७ नावाच्या प्रमाणानुसार तो काढतात आणि ती परीक्षा कडक आहे. अ‍ॅरिझोनातला डेव्हिस डॅमचा घाट एसी चालू ठेवून, ताशी ४० मैलांच्या खाली न उतरता चढावा लागतो. १२ टक्के चढावर उभी गाडी पुन्हा पुन्हा हलवून दाखवावी लागते. पण त्या परीक्षेत ट्रकमध्ये दोनच माणसं धरतात, प्रत्येकी १५० पौंडांची. तुमच्याकडे सहा आहेत. इंजिन ओढेल हो, पण सवाल ओढण्याचा नाही, पाठीवर घेण्याचा आहे.

तुम्ही मिरजेचे, म्हणजे बैलगाडी भरताना पाहिली असेल. माझे आजोबा वाईजवळ शेती करायचे. गाडी भरताना ते एकाच गोष्टीकडे बघायचे, भार आसाच्या पुढे किती आणि मागे किती. मागे जास्त गेला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे फार आला की धुरजड होते, सगळं ओझं बैलांच्या मानेवर. गाडी थोडी धुरजड असावी लागते. ट्रेलरचं अगदी हेच आहे. त्याच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढच्या दांड्यावर, म्हणजे ट्रकच्या मागे तो दांडा ज्या गोळ्यावर टेकतो त्या बॉलवर यायला हवा. याला टंग वेट म्हणतात. त्याहून कमी असेल तर ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. आणि हा सगळा भार ट्रकला आपल्या पाठीवरच घ्यावा लागतो, म्हणजे दारावरच्या त्या आकड्यातूनच तो जातो.

आकडा द्या, मग हिशोब करू. प्रत्येकाचं वजनही लिहा, खरं.

मिरजकर

आत्ताच गॅरेजमध्ये जाऊन पाहिलं. १,४८० पौंड. मला हे लेबल आहे हेच माहीत नव्हतं.

वजनं : मी १७५, बायको १४०, मुलगा ९०, मुलगी ५५. बाबा साधारण १५०, आई १३०.

खंबाटकी

झालं तर. सहा जण मिळून ७४०. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच, म्हणजे ट्रेलर ट्रकला जोडणारा तो दोन सळ्यांचा जड सांधा, तुम्हाला लागणारच. त्याचे १०० धरा. ट्रेलर भरून ७,६०० झाला तर १३ टक्क्यांनी टंग वेट ९८८. बेरीज १,८२८. हौद्यात अजून एक पिशवीही ठेवलेली नाही आणि तुम्ही ३४८ पौंडांनी वर गेलात. आई-बाबांना घरी ठेवलं तरी १,५४८ होतात. म्हणजे हा ट्रेलर तुम्हा चौघांसाठीही या ट्रकला जास्त आहे.

काही जण सांगतील की त्या सळ्या लावल्या की भार पुढच्या चाकांवर जातो, मग काळजी नाही. सळ्यांनी भाराची वाटणी सुधारते, पुढची चाकं रस्त्याला नीट टेकतात, थोडा भार ट्रेलरच्या आसांकडेही परत जातो. पण दारावरची मर्यादा वाढत नाही. शिवाय ट्रकच्या खाली ज्या चौकोनी नळीत हिच अडकवतात, तिच्यावरही एक लेबल आहे. सळ्यांशिवाय किती आणि सळ्यांसकट किती, असे दोन वेगळे आकडे त्यावर असतात. तेही वाचा. सगळ्यांत लहान आकडा असेल तो आपला.

आता उलटा हिशोब करू. १,४८० मधून माणसं ७४०, हिच १०० आणि हौद्यातलं सामान १०० वजा केलं की ५४० उरतात. ५४० ला ०.१३ ने भागलं की जेमतेम ४,१५० पौंडांचा भरलेला ट्रेलर. तुम्ही चौघंच असाल तर ८२० उरतात, म्हणजे साधारण ६,३०० पर्यंत जाता येईल.

कोरड्या वजनाकडे तर पाहूच नका. त्या ६,१५० मध्ये पाणी नसतं आणि तुमचं घरही नसतं. पाण्याचा एक गॅलन ८.३४ पौंडांचा, ४० गॅलनची टाकी भरली की ३३४ पौंड. गॅसच्या दोन भरलेल्या टाक्या मिळून सत्तरच्या वर. आणि आपल्या लोकांचं स्वयंपाकघर! आमच्या पहिल्या सहलीत बायकोने वीस पौंडांचा तांदूळ, ज्वारीचं पीठ, दोन कुकर, मिक्सर, लोखंडी तवा आणि पोळपाट घेतला होता. मी काही बोललो नाही, कारण त्या सहलीत मुलांनी रोज गरम भाकरी खाल्ली आणि ती मला आजही आठवते. पण वजन हिशोबात धरायला हवं होतं.

ते न धरल्याचं फळ २०१९ मध्ये मिळालं. वॉल्सनबर्गच्या आसपास आय-२५ वर आडवा वारा नेहमीचाच. मी घाईत पाण्याची टाकी काठोकाठ भरली होती, ती आमच्या ट्रेलरमध्ये आसांच्या मागे आहे. मागच्या बंपरवर चार सायकली. उतार लागला, डावीकडून मोठा ट्रक पुढे गेला आणि त्याच्या वाऱ्याने आमचा ट्रेलर आधी बाहेर ढकलला, मग आत ओढला. आरशात त्याची एक बाजू दिसायची, मग दुसरी. प्रत्येक झोक्याला ट्रकची शेपटी त्याच्याबरोबर जात होती. मागच्या सीटवर धाकटी झोपली होती. मी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, ट्रकच्या ब्रेकला हात लावला नाही, स्टिअरिंग सरळ धरलं आणि कंट्रोलरची कळ दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावले. हळूहळू तो ताणला गेला आणि सरळ झाला. रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून मी बराच वेळ बाहेर उभा होतो, पाय थरथरत होते.

पुएब्लोला आल्यावर काट्यावर गेलो. ट्रेलर ६,१०० पौंड आणि टंग वेट ४९०. आठ टक्के. आजोबांनी लांबूनच ओळखलं असतं, गाडी उलाळ आहे. टाकी एक तृतीयांश केली, सायकली ट्रकच्या हौद्यात घेतल्या, मग परत काटा केला. त्यानंतर तो झोका कधी आला नाही.

रानवाटा (फिनिक्स, अ‍ॅरिझोना)

खंबाटकी यांच्या हिशोबात मला काही घालायचं नाही, तो बरोबर आहे. पण सासू-सासऱ्यांना घेऊन मी हीच सहल केली आहे आणि ट्रेलर मीच चालवते, म्हणून दोन गोष्टी.

दोन गाड्या घ्या. एकीत मुलं आणि मागे ट्रेलर, दुसरीत वहिनी आणि आई-बाबा. ट्रकच्या पाठीवरचे जवळपास सव्वाचारशे पौंड कमी होतात. आणि खरं सुख वेगळंच आहे : म्हाताऱ्या माणसांना दर तासाला उतरायचं असतं. ट्रेलर असलेली गाडी हवी तिथे थांबवता येत नाही, छोटी गाडी कुठेही थांबते. सासूबाई माझ्या नवऱ्याबरोबर रमतगमत यायच्या आणि मी तोवर पोहोचून ट्रेलर लावून चहा ठेवलेला असायचा. मेसा व्हर्डेत तर दुसरी गाडी लागतेच, कारण मोरफिल्ड कॅम्पग्राउंडच्या पुढे ट्रेलर नेऊ देत नाहीत.

आणि आई-बाबांना ट्रेलरमध्ये झोपवून नेऊ, असं मनातही आणू नका. टेक्सासात तो गुन्हा आहे आणि त्याहून मोठं म्हणजे तिथे पट्टे नसतात.

तीस फूट कशाला हवेत? बंकवर आई-बाबा चढणार नाहीत. बावीस फुटी घ्या : एक नीट पलंग, बाथरूम, गॅस, आणि जेवायच्या टेबलाची जी खाट होते ती. पलंग आई-बाबांना द्या. मुलांना बाहेर तंबू ठोकून द्या, त्यांना तेच आवडतं. बघायला जाल तेव्हा बाथरूमची पायरी आणि दाराची पायरी आईंच्या उंचीने बघा. आमच्या पहिल्या ट्रेलरची दाराची पायरी फार उंच होती, सासूबाईंना दर वेळी हात द्यावा लागायचा आणि त्या मग बाहेर यायचंच टाळायच्या. मला ते फार उशिरा कळलं.

मिरजकर

तीस फुटी सोडला. दुकानात फोन करून सांगितलं.

काल आम्ही चौघं बावीस फुटी एक बघून आलो, भरून जास्तीत जास्त ५,५०० पौंडांचा. तुमच्या पद्धतीने मांडलं : टंग वेट ७१५, हिच १००, हौद्यात १००. बायको सीआर-व्हीत आई-बाबांना घेऊन येईल, म्हणजे ट्रकमध्ये मी आणि मुलं, ३२०. बेरीज १,२३५. चौघं बसलो तरी १,३७५. दाराची पायरी बायकोने स्वतः वाकून मोजली, खालची फळी आठ इंचांवर आहे.

खंबाटकी, काट्याचं नीट समजावाल का? आणि वुल्फ क्रीकचं सांगा. मी घाटात गाडी चालवली आहे ती कुंभार्लीच्या, तीही बाबांची मारुती.

खंबाटकी

हायवेवरच्या मोठ्या ट्रक-स्टॉपवर कॅट स्केलचा काटा असतो. पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलर अशा तीन वेगळ्या फळ्यांवर उभं राहायचं. पहिल्या पावतीला पंधरा डॉलरच्या आसपास, त्याच दिवशी पुन्हा केलं तर थोडेच. तीन वेळा करा. ट्रेलर जोडून, सळ्या ताणून. मग तसाच, पण सळ्या काढून. मग नुसता ट्रक. सळ्यांशिवायच्या पावतीतल्या ट्रकच्या दोन्ही आकड्यांच्या बेरजेतून नुसत्या ट्रकचं वजन वजा केलं की टंग वेट हातात येतं. सळ्या लावलेल्या पावतीवर पुढच्या चाकांचं वजन नुसत्या ट्रकच्या जवळपास परत आलंय का, ते बघा. ट्रेलर सहलीला निघतो तसा भरलेला हवा, तांदळासकट. माणसंही बसलेली हवीत.

वुल्फ क्रीक १०,८०० फुटांच्या वर आहे, उतार सात टक्क्यांच्या जवळ. तुमचं इंजिन टर्बोचं असल्याने चढाला विरळ हवेचा त्रास कमी होईल. मला काळजी उताराची आहे. माझे वडील लेलँडचा ट्रक घेऊन खंबाटकी उतरायचे, त्यांचा नियम होता की घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा. टो-हॉल, म्हणजे ट्रेलर ओढतानाचा गिअरचा मोड, चालू ठेवा, माथ्यावरच वेग कमी करा, ब्रेक थोडा वेळ घट्ट दाबून सोडा. पाय ठेवून बसू नका, तापतात. ट्रेलरच्या टायरची हवा सकाळी, थंड असताना मोजा. वेग ताशी साठ मैलांच्या वर न्यायची गरज नाही.

आणि निघण्याआधी रिकाम्या पार्किंगमध्ये एक रविवार मागे घेण्याच्या सरावाला द्या. मुलाला मागे उभं करा, खुणा करायला. पण तो आरशात दिसेनासा झाला की तिथल्या तिथे थांबायचं, हे आधी ठरवून घ्या.

मिरजकर

मुलाला सांगितलं. तो आत्तापासूनच हातवारे करून दाखवतोय. ट्रेलर पुढच्या शनिवारी मिळेल. रविवारी पार्किंग, त्यानंतरच्या शनिवारी सामान भरून काटा. पावतीवरचे आकडे इथेच टाकतो, तुम्ही दोघांनी एकदा नजर टाका.