परत येणारी गोफण देऊ का? डी अँड डीतली पार्टी तिसऱ्या लेव्हलची हाय

जागलीवाला:
भाऊ लोक, मी डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) ह्या फाशाच्या खेळात डीएम, म्हणजे खेळ चालवणारा हाय, चार जण खेळतो, रात्री जागलीवर गेलो की वावरातल्या कोठ्यात, मधात मधात उठून रोही अन् डुकरं हाकला लागते. आमच्या रेंजरवाल्याले (रेंजर म्हणजे रानातला शिकारी), म्हणजे माह्या चुलतभावाले, जादूची गोफण पायजे, गुंडा (गोल गोटा) मारला की फिरून हातात आला पायजे म्हणते. गोफणीचं डॅमेज १डी४च, म्हणजे चार बाजूंचा एक फासा, हाय म्हणून देऊन टाकू वाटते, पण परत येणारं काही दिलं का गेम बिघडते का? पाचवी एडिशन, २०१४ चे रूल.

फासा_वीस:
बिघडत नाही, पण फायदाही नाही. गोफण रूलमध्ये फेकायचं हत्यार नाहीच, अॅम्युनिशनवालं आहे. लढाईनंतर एक मिनिट शोधलं की अर्धे गुंडे सापडतात आणि नवे घेतले तर ४ कॉपर नाण्यांत २०. परत येण्याची खरी किंमत भाल्या-हातोड्याला. ड्वार्वन थ्रोअर हा जादूचा हातोडा परत येतो, पण तो व्हेरी रेअर, म्हणजे फार दुर्मिळ, आणि ड्वार्फलाच (बुटक्या जमातीच्या पात्रालाच) अट्यून होतो, म्हणजे जादू त्याच्याशीच जुळते. तुझ्या लेव्हलला जॅव्हलिन ऑफ लायटनिंगसारखं बघ, ४डी६ची वीज एकदा, मग दुसऱ्या पहाटेपर्यंत वीज नाही, पण भाला जादूचं हत्यार राहतोच.

मचानावरचा:
गोफणीत गोटा लागतेच असं नाही न बे. आमचे आबा ज्वारीत मचानावर उभे राहून रिकामी गोफण फिरवून असा झटका देत का कडाड आवाज अन् पाखरं पसार. पण भावाले फेकाचंच असन तर बिबा दे. धोबी कपड्यावर बिब्याची खूण करत, कितीही धुवा, जात नाही, अन् तेल अंगाले लागलं का फोड. मंग जादूचा बिबा असा, ज्याले लागला त्याच्यावर काळा डाग, एक मिनिट त्याले अदृश्य होताच येत नाही. नॅचरल १, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर १, पडला का फोड फेकणाऱ्याच्याच हाताले. तीन बिबे दे, संपले का संपले.

जागलीवाला:
हे एक नंबर. सेव्ह ठेवू का, म्हणजे ज्याले लागला त्याले फासा टाकून वाचाची संधी?

फासा_वीस:
नको. फेअरी फायर या मंत्रात सेव्ह आहे कारण तिथे टू हिट, म्हणजे नेम लागायचा फासा, नाही, २० फुटाच्या घनातले सगळे सापडतात. इथे एकच जण आणि नेम लागायला पाहिजे, वरून सेव्ह म्हणजे दोनदा वाया. फक्त फेअरी फायरसारखा अॅडव्हान्टेज (दोन फासे, जास्त तो धरायचा) देऊ नको, यात कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे मंत्र टिकवायला लक्ष, लागत नाही ना.

जागलीवाला:
काल खेळलो. इम्प, म्हणजे छोटा सैतान, अदृश्य झाला, भावानं बिबा फेकला अन् पडला १. पुढची अख्खी लढाई डाव्या हातानं खेळला, अजून फुगून हाय, इम्प नाही, भाऊ.

फासा_वीस:
हे आपल्याच लक्षात यायला हवं होतं राव. अदृश्यावर फेकताना डिसअॅडव्हान्टेज, म्हणजे दोन फासे आणि कमी तो धरायचा, १ यायचा चान्स ५ टक्क्यांवरून थेट पावणेदहा टक्के. वस्तू ज्या कामाची त्याच कामात जास्त उलटते.

मचानावरचा:
मंग बिबा फोडाच्या आंधी लोक काय करते? हाताले खोबऱ्याचं तेल चोपडते. एक अॅक्शन (पाळीतली एक कृती) घालवून तेल लावलं तर पहिला १ माफ, असं ठेव. अन् भावाले सांग, तेलाची शिशी वेगळी विकत घ्या लागन.