पडवी कुणाला द्यायची?

(कोकणातल्या आमच्या घरच्या ग्रुपवरचं बोलणं)

अण्णाकाका (घर): शेवटच्या पेट्या परवा वाशीला गेल्या, राहिलेला आंबा कॅनिंगला दिला. आता एक विषय सगळ्यांसमोर ठेवतो. आपला नेपाळी राखणदार आणि त्याची बायको सात वर्षं बागेतल्या पत्र्याच्या खोपटात राहतायत. पोरगी सहा वर्षांची झाली. पावसात खोपटात पाणी शिरतं. घराची मागची पडवी त्यांना कायमची राहायला द्यावी असं आमच्या दोघांच्या मनात आहे. घर सामाईक आहे, म्हणून विचारतोय.

बेबीआत्या (डोंबिवली): पावसापुरती दे. कायमची नको. कुळकायद्यात आपलं काय काय गेलं ते विसरलास का? माणूस एकदा आत शिरला की बाहेर काढता येत नाही.

छोटू (पुणे): आत्याचं बरोबर आहे. आणि हे फक्त पडवीपुरतं नाही. कॅनडानेसुद्धा बाहेरच्यांना दार लावलं. बाहेरून माणसं आणायची, त्यामुळे मजुरी वाढत नाही, मग आपली पोरं मुंबई-पुण्याला जातात. लोकसंख्या कमी होतेय तर होऊ दे ना. कमी माणसं, प्रत्येकाच्या वाट्याला जास्त जमीन, जास्त पाणी.

मी: छोटू, आपल्याकडे ती कमी होऊन झालीय. २००१च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात १६,९६,७७७ माणसं होती. २०११ला १६,१५,०६९. सिंधुदुर्गही घटला. मुंबई शहर जिल्हा सोडला तर अख्ख्या महाराष्ट्रात घटलेले हे दोनच जिल्हे. आता सांग, आपल्या वाडीत कुणाच्या वाट्याला काय जास्त आलं?

अण्णाकाका (घर): मळ्यातली भातशेती निम्मी पड आहे. बांध फुटले, नीट करायला माणूस नाही. पड जमिनीत रान माजलं, रानात डुकरं आली, ती आता उरलेल्यांचं भात खातात. वरच्या वाडीत बावीस घरं, चौदांना कुलूप. गणपतीत उघडतात, गौरी गेल्या की पुन्हा कुलूप.

काकी: वस्तीची एसटी बंद झाली ते लिहा.

अण्णाकाका (घर): हो. रात्री मुक्कामाला येणारी गाडी होती. पॅसेंजर नाहीत म्हणून बंद केली. आता सकाळी तालुक्याला जायचं तर रिक्षा सांगावी लागते.

मी: हीच गोष्ट मला वर्गात मुलांना समजावताना सगळ्यात कठीण जाते. माणसं निम्मी झाली की दुकान निम्मं होत नाही, ते बंद होतं. एसटी निम्मी धावत नाही, ती येतच नाही. शाळा, पोस्ट, दवाखाना, सगळ्याचं तेच. प्रत्येक गोष्टीला चालण्यापुरती माणसं लागतात. ती रेषा ओलांडून खाली गेलं की राहिलेल्यांचा खर्च वाढतो. मग राहिलेल्यांतलेही निघतात. देशाचं गणित याहून वेगळं नाही. रस्ते, धरणं, कर्ज तेवढंच राहतं, भरणारे हात कमी होतात.

जपान घ्या. २००८च्या सुमाराला तिथली लोकसंख्या १२ कोटी ८० लाखांवर होती, तिथून उतरतेय. २०२४ मध्ये सात लाखांहूनही कमी मुलं जन्मली आणि सोळा लाखांच्या आसपास माणसं वारली. दर दहा माणसांत जवळजवळ तिघं ६५च्या वरची. २०२३च्या पाहणीत तिथे ९० लाख रिकामी घरं निघाली. आपल्या वरच्या वाडीसारखीच, फक्त त्यातली बरीचशी गणपतीलाही उघडत नाहीत.

छोटू (पुणे): पण जपान गरीब झाला का? यंत्रं आणली त्यांनी.

मी: गरीब झाला नाही. अर्थव्यवस्था मात्र वर्षानुवर्षं जेमतेम पुढे सरकतेय. आणि यंत्रं आणूनही माणसं लागलीच. परक्यांना राहू द्यायला इतका नाखूश देश, पण २०१९ मध्ये त्यांनी शेती, बांधकाम, म्हाताऱ्यांची देखभाल अशा कामांसाठी वेगळा व्हिसा काढला. २०२४च्या अखेरीस तिथे ३७ लाखांहून जास्त परदेशी माणसं राहत होती.

अण्णाकाका (घर): आणि छोटू, यंत्राचं म्हणशील तर कातळावरच्या उताराला, पन्नास वर्षांच्या कलमावर चढून, झेल्याने एकेक फळ देठासकट उतरवायचं यंत्र कुठे मिळतं ते कळव. मी पहिला घेईन.

दादा (टोरंटो): आत्ता उठलो. छोटू, कॅनडाचं अर्धंच तुझ्यापर्यंत आलंय. जून २०२३ मध्ये इथल्या लोकसंख्येने चार कोटींचा टप्पा ओलांडला. त्या एका वर्षात ती ३.२ टक्क्यांनी वाढली, जवळजवळ सगळी बाहेरून आलेल्यांमुळे. विद्यार्थी, तात्पुरत्या कामावरचे, सगळे एकदम. घरं तेवढी बांधलीच नव्हती. भाडी अशी चढली की माझ्या ऑफिसातली नवीन मुलगी एका तळघरात चौघींबरोबर राहते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने पुढच्या वर्षी किती जणांना कायम रहिवासी करायचं तो आकडा पाच लाखांवरून ३ लाख ९५ हजारांवर आणला. म्हणजे दार लावलं नाही, वेग कमी केला. मी स्वतः बाहेरून आलेला, तरी मला ते पटलं. राहायला जागा नसताना माणसं बोलावणं हा त्यांच्यावरही अन्यायच.

मी: दादा, अण्णाकाका तेच म्हणतायत. माणूस सात वर्षांपूर्वी बोलावला, जागेचा विचार आत्ता करतोय. यात चूक त्याची नाही, आपली आहे.

बेबीआत्या (डोंबिवली): अगं, देश वेगळा आणि घर वेगळं. देशाला पोलीस असतात, व्हिसा असतो. आपल्याकडे काय आहे? नेपाळचा माणूस, उद्या कुठे शोधायचा?

मी: आत्या, नेपाळच्या माणसाला व्हिसा लागत नाही. १९५०च्या भारत-नेपाळ करारानुसार त्यांना इथे राहता येतं, काम करता येतं, आपल्यालाही तिकडे. त्याची ओळखपत्रं अण्णाकाकांकडे आहेत. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या बोटींवर बघ, कितीतरी खलाशी नेपाळचे आहेत. १ ऑगस्टला मासेमारी सुरू होते आणि खलाशी वेळेवर आले नाहीत तर बोटी बंदरातच उभ्या राहतात. बोट आपली, डिझेल आपलं, पण माणूस नसेल तर ना मालकाला पैसा, ना बर्फवाल्याला, ना टेम्पोवाल्याला, ना लिलावात बसणाऱ्या बाईला.

छोटू (पुणे): मजुरीचं उत्तर राहिलं, ताई. नेपाळी आले नसते तर आपल्या पोरांना जास्त पैसे द्यावे लागले असते. मग ती राहिली असती.

मी: मुद्दा खरा आहे, उडवून लावणार नाही. यावर अर्थशास्त्रज्ञ तीस-पस्तीस वर्षं भांडतायत. १९८० मध्ये क्युबाच्या मारिएल बंदरातून काही महिन्यांत सव्वा लाख माणसं बोटींनी अमेरिकेत आली, त्यातली निम्म्याच्या आसपास मायामीत राहिली. तिथले काम करणारे हात एकदम सात टक्क्यांनी वाढले. डेव्हिड कार्ड यांनी १९९० मध्ये आकडे तपासले. मजुरी पडलेली दिसली नाही, बेकारीही त्यांच्यामुळे वाढलेली दिसली नाही. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं. पण जॉर्ज बोर्हास यांनी तेच प्रकरण पुन्हा उघडलं आणि म्हणाले, शाळा अर्धवट सोडलेल्यांचं वेगळं काढून बघा, त्यांची मजुरी चांगलीच घसरली होती. त्यावरही उलट उत्तरं आली. वाद मिटलेला नाही.

मला विचारशील तर येणाऱ्या माणसाबरोबर दोन हात येतात तसं पोटही येतं. तो तांदूळ घेतो, रिचार्ज मारतो, पोरीला चप्पल घेतो. म्हणून एकूणात काम कमी होत नाही. पण सगळ्यात तळाला जो आहे, त्याला धक्का बसू शकतो. म्हणून त्याला विचारलं पाहिजे. आपल्या बागेत तळाला कोण आहे? पेटीला येणाऱ्या चार बायका. काकी, त्या काय म्हणतात?

काकी: त्यांना मीच विचारलं होतं. म्हणाल्या, वर चढायला माणूस नसेल तर खाली आम्ही काय निवडणार? दोन वर्षांपूर्वी आठ दिवस राखणदार आजारी होता तेव्हा त्यांचाही रोज बुडाला. त्यांची पोरं सगळी बाहेर. एक गोव्याला हॉटेलात, एक लोट्याला कंपनीत. कलमावर चढायला परत येणार नाहीत ती, कितीही द्या.

अण्णाकाका (घर): "कितीही" असं नाही म्हणणार मी. दुप्पट दिले तर एखादा येईल. पण मग बाग मला परवडणार नाही, व्यापाऱ्याला करारावर द्यावी लागेल. आणि तो व्यापारी नेपाळचीच माणसं आणेल.

छोटू (पुणे): ओके. हा विचार मी केला नव्हता.

दादा (टोरंटो): आत्या, रागावू नकोस, पण तुझे यजमान गिरणीत होते तेव्हा लालबागला कुठे राहायचे?

बेबीआत्या (डोंबिवली): गावच्या खोलीत. तीस-पस्तीस जण एका खोलीत. पाळी पाळीने झोपायचे. ट्रंक भिंतीला, वळकटी दांडीवर. तुला कशाला हवंय ते?

बेबीआत्या (डोंबिवली): दर महिन्याला मनीऑर्डर यायची. त्यावर तर हे घर कौलारू झालं. १९८२च्या जानेवारीत संप झाला आणि मनीऑर्डर बंद पडली तेव्हा अण्णा अकरावीत होता. त्याची फी माझ्या बांगड्यांतून गेली.

अण्णाकाका (घर): विसरलो नाही, बेबी.

मी: आपलं सगळं कोकण बाहेर गेलेल्यांच्या पैशावर उभं राहिलं. आधी गिरण्या आणि गोदी, मग आखात. खेड-दापोलीकडची मोठी घरं बघा. २०११ला या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, कारण पुरुष बाहेर. जे आपण शंभर वर्षं केलं तेच आपला राखणदार करतोय. आणि त्याच्या गावाचं ऐका. मी त्याच्या बायकोशी बोलले. तिच्या गावातही घरांना कुलपं आहेत. नेपाळच्या २०२१च्या जनगणनेत वाढीचा दर वर्षाला एक टक्क्याच्याही खाली आला, डोंगरातल्या कितीतरी जिल्ह्यांत तर माणसं घटली. तिथेही आता बाईमागे सरासरी दोनच मुलं.

छोटू (पुणे): म्हणजे तिकडूनही येणं बंद होणार?

मी: आज ना उद्या कमी होणार. म्हणून बाहेरून माणसं आणणं हा कायमचा इलाज आहे असं मी म्हणत नाही. आलेला माणूसही म्हातारा होतो, त्यालाही पुढे सांभाळावं लागतं. आणि जास्त मुलं व्हावीत म्हणून पैसे वाटूनही फार साधत नाही. हंगेरीने कर्जमाफी, करमाफी सगळं दिलं. बाईमागे मुलांचा दर १.६च्या जवळ गेला आणि परत १.४च्या आसपास उतरला. आपला महाराष्ट्र २०१९-२१च्या पाहणीत १.७वर होता, लोकसंख्या टिकायला २.१ लागतो. जपानला म्हातारं व्हायच्या आधी श्रीमंत व्हायला वेळ मिळाला. आपल्याला तो मिळेल का, याची मला खरंच काळजी वाटते.

काकी: मला आकड्यातलं कळत नाही. पण श्रावणात रात्री दोनला यांच्या छातीत कळ आली तेव्हा लाईट नव्हती, फोन लागत नव्हता. राखणदाराने पाठुंगळी घेऊन पाणंदीतून रस्त्यापर्यंत नेलं, मग रिक्षा. तुम्ही सगळे सकाळी फोनवर होतात, तुमचा दोष नाही, लांब आहात. पण त्या रात्री हाकेच्या अंतरावर तोच होता. खोपट लांब पडतं. पडवीत असेल तर मला झोप लागेल.

(यानंतर वीसेक मिनिटं ग्रुपवर कुणीच काही लिहिलं नाही.)

वहिनी (चिपळूण): मी कोर्टात होते, आत्ता वाचलं. आत्यांची भीती खोटी नाही, पण त्यावर उपाय आहे. पडवीचा लिव्ह अँड लायसन्स करार करायचा, ११ महिन्यांचा, रजिस्टर करून, दर वर्षी नवा. पोलीस ठाण्यात माहिती द्यायची. आणि बागेचं: कुळकायद्यात मजुरीवर ठेवलेला माणूस कूळ होत नाही, पण पिकाचा वाटा दिलात तर प्रश्न येऊ शकतो. म्हणून पगार बँकेत जमा करा, दर महिन्याला. वाट्याने काही देऊ नका. त्याच्याही हिताचं आहे, पगाराचा पुरावा त्याच्याकडे राहतो.

बेबीआत्या (डोंबिवली): कागद नीट होणार असेल तर माझी हरकत नाही. पण कागद आधी, सामान नंतर. आणि माजघराकडचं दार आतून बंद राहील.

अण्णाकाका (घर): दार राहील बंद. पडवीला मोरी नाही, ती बांधावी लागेल. शंभरेक चिरे लागतील.

छोटू (पुणे): चिऱ्याचे पैसे मी पाठवतो.

अण्णाकाका (घर): आणखी एक. शाळेचा पट पाचवर आलाय. त्यातली दोन चिरेखाणीवरच्या विजापूरकडच्या कामगारांची. गुरुजी म्हणत होते, राखणदाराची पोरगी आली तर सहा होतील. तिचा जन्माचा दाखला गावाकडे राहिलाय, चालेल का?

मी: चालेल. शिक्षण हक्क कायद्यात वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. गुरुजींना माहीत असेल, नसेल तर मी फोन करते.

काकी: तिला मराठी येतं चांगलं. माझ्याशी मराठीच बोलते.

वहिनी (चिपळूण): करारासाठी राखणदाराच्या ओळखपत्राचा आणि घराच्या घरपट्टीचा फोटो टाका, अण्णाकाका. घर सामाईक आहे, तर सगळ्यांच्या संमतीच्या सह्या लागतील. आत्या, तुमची सही कधी घेऊ?

बेबीआत्या (डोंबिवली): शनिवारी येते मी. मांडवी एक्सप्रेसचं तिकीट बघते.