घरातल्या घरात बदली: बी विंगच्या ग्रुपवरची मे महिन्यातली चर्चा (नागपूर)

शनिवार

402 (सकाळी 7:20)
काल रात्री बारा वाजता आमच्याकडून सामान ओढल्याचा आवाज आला, त्याबद्दल खालच्यांची माफी मागते. पण कशाचा आवाज होता तेही सांगते, वरच्या मजल्यावरच्या चारही घरांच्या कामाचं आहे. आम्ही झोपायची खोली बदलली. मास्टर बेडरूममधला पलंग लहान खोलीत आणला, आणि लहान खोलीतलं लोखंडी कपाट, इस्त्रीचं टेबल, पोरांची पुस्तकं सगळं मास्टरमध्ये ढकललं. चार वर्षांत पहिल्यांदा मे महिन्यात सलग सहा तास झोप लागली.

302 (7:26)
मला वाटलं भांडण सुरू आहे. फर्निचरच होतं तर हरकत नाही.

304 (7:31)
ताई, लहान खोली म्हणजे दक्षिणेचीच ना? दक्षिणेकडून तर जास्त ऊन येतं. आम्ही त्या खोलीत हिवाळ्यात कपडे वाळवायचो, इतकं.

201 काका (7:48)
बेटा, हिवाळ्यात येते. आता नाही येत. बांधकाम खात्यात जन्म गेला म्हणून सांगतो. मे महिन्यात सूर्य डोक्यावर असते. 26 मेच्या आसपास तर बारा वाजून दहाएक मिनिटांनी नागपुरात उभ्या काठीची सावली पडत नाही, गच्चीवर बाटली उभी करून पाहून घे. मंग दक्षिणेच्या भिंतीवर ऊन येणार कुठून? थोडंफार तिरपं येते ते दीड फुटाचा छज्जा अडवते. खरी तापते गच्ची, अन् तिच्यानंतर पश्चिमेची भिंत. दोन वाजल्यापासून सूर्य खाली उतरून राहते, तिथं छज्जा काय करन? पावणेसातपर्यंत सरळ भिंतीवर. नऊ इंची विटांची भिंत दुपारभर ऊन पिते, अन् आपण रात्री उशीवर डोकं टेकलं का ओकते.

402 (7:52)
अगदी हेच. रात्री दहाला भिंतीला हात लावला तर तव्यासारखी. आणि आमच्या पलंगाचं डोकं त्याच भिंतीला. दोन साधे थर्मामीटर आणून आठवडाभर बघितलं. रात्री दहाला मास्टरमध्ये 38, लहान खोलीत 35. तीन अंश म्हणजे कागदावर काही नाही, पण झोपून बघा.

401 (8:05)
माहितीबद्दल धन्यवाद. पण घराच्या कर्त्या माणसाने नैऋत्येला झोपावं असं शास्त्र आहे. बिल्डरने मुद्दाम मास्टर बेडरूम तिथे दिली आहे. उगाच बदल करू नये असं माझं मत.

402 (8:09)
दादा, तुमच्या मताचा आदर आहे. पण नैऋत्य म्हणजे दक्षिण अधिक पश्चिम, आणि त्यातली पश्चिम रात्री दहाला ओकते ते काकांनी आत्ताच सांगितलं. कर्ता माणूस जूनमध्ये पाऊस पडला की परत जाईल. ‘मास्टर’ हे नाव बिल्डरच्या माहितीपुस्तकातलं, आम्ही फक्त त्यातला पलंग हलवला.

101 नातू (8:30)
आजी म्हणते मी बोलते तू टाइप कर. तर आजीचे शब्द:
आमच्या गावच्या घरात काई मास्टर-बिस्टर नव्हतं. उन्हाळा लागला का सारं घर जागा बदलत जाये. सकाळी वसरीवर बसाचं, दुपारी माजघरात, तिथं खिडकीच नव्हती, अंधार अन् शेणानं सारवलेली भुई, पोट्टे उघडे लोळत. रात्री खाटा अंगणात. अंगणात दिवस मावळता पाणी शिंपडाचं. हिवाळ्यात तेच माजघर कोणी उघडत नसे. आता तुमी एकाच खोलीत बारा महिने झोपता अन् म्हणता गरम होऊन राहिलं.

303 वहिनी (8:34)
आजी, बाळाला घेऊन अंगणात कुठे जाऊ आता? आमची एकच बेडरूम थंड व्हायची शक्यता आहे, तीही स्वयंपाकघराला लागून.

402 (8:41)
वहिनी, तुमचा फ्रिज कुठे आहे? त्या बेडरूमच्या भिंतीला पाठ लावूनच ना? आमचाही तसाच होता. फ्रिज आतली उष्णता काढून मागच्या बाजूनं बाहेर टाकतो, म्हणजे बारमाही छोटी शेगडीच. आम्ही तो पॅसेजमध्ये नेला, भिंतीपासून वीतभर लांब. ह्यांचा दोन दिवस विरोध होता, पाणी प्यायला सहा पावलं जास्त चालावं लागतं म्हणून. आता माठ ठेवलाय उत्तरेच्या खिडकीत, वारा लागतो तिथे. फ्रिजकडे कोणी जातच नाही.

303 वहिनी (8:44)
फ्रिज तिथेच आहे. आज हलवते. कुकरपण सकाळी सातच्या आत उरकते हल्ली, पण संध्याकाळच्या पोळ्या काही सुटत नाहीत.

104 (9:15)
फॉरवर्ड केलेला संदेश: नागपुरात 56 अंश तापमानाची नोंद!! घराबाहेर पडू नका!! सर्वांना पाठवा!!

201 काका (9:19)
हे 2024 चं आहे. मेअखेरीस एका स्वयंचलित केंद्रावर 56 दाखवलं होतं, हवामान खात्यानं नंतर सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. आपला खरा उच्चांक 2013 च्या मे महिन्यातला, 47.9. तो काय कमी आहे का बाप्पा, त्याच्यावर फोडणी काहून देता?

104 (9:20)
मला आलं ते पुढे पाठवलं.

304 (11:40)
आता मी विचारतो. पुण्याहून बदली होऊन आलो तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, कूलर घे, एसी नको. घेतला. मोठा. बेडरूमच्या कोपऱ्यात ठेवला, दारं-खिडक्या घट्ट लावून घेतल्या. पहिला अर्धा तास स्वर्ग, मग उशी ओली, चादर चिकट, अंगाला घाम. लॅपटॉपच्या पडद्यावरसुद्धा दमटपणा. फसवणूक झाली का माझी?

404 (11:42)
हाहाहाहा

201 काका (11:43)
अरे बावा!

402 (11:55)
फसवणूक तुझी तूच केलीस. एसी खोलीतलीच हवा फिरवून थंड करतो, म्हणून दार लावायचं. कूलर पाणी हवेत उडवून थंडावा देतो. ओली झालेली हवा बाहेर जायला वाट नसेल तर ती खोलीतच साठते, आणि ओल्या हवेत ना पाणी उडत, ना घाम. म्हणून नागपूरकर कूलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर बसवतो. बाहेरची कोरडी हवा आत, आणि समोरचं दार किंवा खिडकी उघडी. तू कूलर हॉलच्या बाल्कनीच्या दारात ठेव, तोंड आत. मग ज्या खोलीत झोपायचं तिची पलीकडची खिडकी उघड, बाकी खोल्यांची दारं बंद. वारा तुझ्या अंगावरूनच जाणार, दुसरीकडे जायला जागाच नाही.

304 (11:58)
म्हणजे गार करण्यासाठी खिडकी उघडायची? 44 अंशात?

402 (11:59)
पलीकडची, थोडीशी. हो.

201 काका (12:10)
अजून एक. कूलर पश्चिमेच्या खिडकीत लावू नको. टाकीतलं पाणी तापते, ऊन लागून बॉडी तापते. सावलीच्या बाजूनं लाव. अन् गवताच्या जाळ्यांवर पांढरा क्षार चढला असन तर बदलून घे, पाणी ओघळून जाते, जाळी भिजतच नाही. वाळ्याची ताटी मिळाली तर उत्तम, वासानंच अर्धी झोप येते.

सचिव (12:14)
कूलरवाल्या सर्वांना आठवण: आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासून पुसणे. डेंग्यूच्या डासाची अंडी टाकीच्या कडेला चिकटतात, नुसतं वरून पाणी भरत राहिल्याने जात नाहीत. तसेच 404 च्या एसीचं पाणी 304 च्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतं अशी तक्रार आहे.

404 (12:15)
नळी लावतो आज.

303 वहिनी (दुपारी 3:05)
फ्रिज हलवला. पण पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदे लावूनही खोली भट्टी आहे. मीच काही चुकतेय का?

402 (3:12)
पडदा आतून आहे म्हणून. काचेतून ऊन आत आलं की आलं, मग पडदा तापतो आणि खोलीला तापवतो. अडवायचं ते काचेच्या बाहेर. आम्ही ग्रिलला बाहेरून हिरवी जाळी बांधली, नर्सरीवाले लावतात ती. दिसायला बांधकामाच्या साइटसारखं दिसतं, सचिव काका रागावणार आहेत हे माहीत आहे.

सचिव (3:20)
दर्शनी भागाचा प्रश्न आहे. पण 15 जूनला काढणार असाल तर मी पाहिलं नाही.

401 (4:40)
एक विचारतो. पलंग तिथेच ठेवून भिंतीला कपाट लावलं तर चालेल का?

402 (4:52)
कपाट पश्चिमेच्या भिंतीला लावाच, तेच केलंय आम्ही. कपड्यांनी भरलेलं कपाट म्हणजे भिंतीला घातलेली गोधडीच. चार बोटं जागा मागे सोडा. औषधं मात्र त्यात ठेवू नका. पण पलंग तिथेच ठेवलात तर वरच्या स्लॅबचं काय? आपण शेवटच्या मजल्यावर.

201 काका (5:10)
स्लॅबचं ऊन सगळ्या खोल्यांना सारखंच. त्याला उपाय गच्चीवर, खोलीत नाही. चुना मारा. पांढरी गच्ची ऊन परत फेकते. दोन हात, वरून. खर्च चार घरांत वाटला तर कूलरच्या एका मोटरीएवढाही नाही. मी मागच्या सर्वसाधारण सभेत बोललो होतो, तेव्हा विषय लिफ्टच्या आरशावर गेला.

सचिव (5:14)
पुढच्या सभेत घेऊ.

201 काका (5:15)
पुढची सभा सप्टेंबरात आहे.

302 (5:20)
तोवर संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचं का? मी लहानपणी मारायचो, वाफ यायची.

सचिव (5:22)
पाण्याचा टँकर कितीला येतो ते माहीत असून विचारता? गच्चीवर पाणी मारण्यास सक्त मनाई.

402 (5:30)
पाणी नको. चुन्याचे पैसे आम्ही वरचे चौघे सध्या काढतो, सभेत नंतर बघा. 404, 403, 401, चालेल?

404 (5:31)
चालेल.

403 (5:50)
चालेल. किल्ली कोणाकडे आहे गच्चीची?

रविवार

101 नातू (सकाळी 6:50)
आजीची खाट हॉलमध्ये पूर्वेच्या खिडकीजवळ आणली, गादी काढून नुसती दोरीची खाट अन् सतरंजी. आजी म्हणते फोमची गादी म्हणजे अंगाखाली चूल. रात्री नऊला खिडक्या उघडल्या अन् सकाळी साडेसातला सगळ्या बंद करणार. दुपारी आजी पंखा फुल्ल ठेवते, चालेल ना?

402 (7:05)
आजींकडे लक्ष ठेव रे. 40 च्या वर गेलं की पंखा अंगावर गरम हवाच फेकतो, उलट त्रास होतो. जागतिक आरोग्य संघटनाही 40 च्या पुढे पंख्यावर अवलंबून राहू नका म्हणते. दुपारी 12 ते 5 त्यांना कूलरच्या खोलीत बसव, ओला पंचा मानेवर, आणि पन्हं. तहान लागली नाही म्हणाल्या तरी दे. घाम थांबला, बोलणं भलतंच वाटलं, तर ग्रुपवर टाकत बसू नकोस, सरळ 108 लाव.

101 नातू (7:08)
आजी म्हणते कांदा खिशात ठेवलाय.

402 (7:09)
खिशात राहू दे, एक पोटातही जाऊ दे.

304 (9:30)
बातमी! कूलर बाल्कनीच्या दारात, पलीकडची खिडकी चार बोटं उघडी. रात्री दोनला पायावर चादर ओढून घेतली. आईला फोन करून सांगितलं, तिला खोटं वाटलं.

201 काका (9:33)
पावसाळा सुरू झाला का हाच कूलर तुला शिव्या देईन. दमट हवेत त्याचं काही चालत नाही. मुंबईच्या साडभावाला मी दरवर्षी सांगतो, तो दरवर्षी नवा घेते.

303 वहिनी (दुपारी 1:15)
बाळ दोन तास झोपलं. फ्रिज, जाळी आणि कपाट, तिन्ही केलं. फक्त कपाट दारात अडकलं होतं, 302 च्या दादांनी येऊन पाय काढले. म्हणजे कपाटाचे.

302 (1:17)
स्पष्ट केलंत ते बरं झालं.

401 (रात्री 11:02)
पलंगाचे बोल्ट काढायला 13 नंबरचा पाना आहे का कुणाकडे? 402 च्या ताईंना पर्सनलवर पाठवणार होतो, चुकून ग्रुपवर पडलं.

402 (11:03)
दाराबाहेर ठेवलाय. आवाज झाला तरी 302 वाले समजून घेतील.