कपाट रिकामं करायच्या आधी (सोसायटी ग्रुप, पाथर्डी फाटा)

सेक्रेटरी बी-२०४: नमस्कार मंडळी, कमिटीत ठरलंय की पुढच्या महिन्यापासून मेंटेनन्स बिल, पावत्या, नोटिसा सगळं मेलवर आणि या ग्रुपवर, कागद बंद. ऑफिसमधल्या लोखंडी कपाटामागच्या भिंतीला ओल येते, खालच्या फायलींना वाळवी लागलीय. जुने कागद स्कॅन करून रद्दीत काढू. हरकत असेल तर रविवारपर्यंत सांगा.

सी-४०३: उशिरा का होईना, छान निर्णय

ए-३०२: अभिनंदन कमिटी

नाना ए-१०१: रद्दीत नक्की काय काय जाणार?

सेक्रेटरी बी-२०४: जुनी व्हाउचरं, पत्रव्यवहार वगैरे नाना.

नाना ए-१०१: वगैरे नको, यादी टाका. मंजूर नकाशा, कंप्लिशन सर्टिफिकेट, बिल्डरची पत्रं सगळं त्याच कपाटात आहे. आपलं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर होणं, अजून झालेलं नाही, उद्या बिल्डरशिवाय ते करून घ्यायला, डीम्ड कन्व्हेयन्ससाठी, उपनिबंधकांकडे जायची वेळ आली तर बिल्डरने कधी काय लिहून दिलं होतं ते मोबाईलमधल्या फोटोवरून सांगणार का

वकील ताई बी-५०१: नानांशी सहमत. स्कॅन करा, जरूर करा, पण स्कॅन केला म्हणून मूळ कागद टाकायचा नसतो. शेअर सर्टिफिकेट, सभासदांच्या नोंदीचं आय आणि जे रजिस्टर, सह्या असलेलं मिनिट बुक, नॉमिनेशनचे फॉर्म, मंजूर नकाशा, हे कागद म्हणूनच राहणार. फ्लॅट विकायला काढलात की घेणाऱ्याची बँक ओरिजिनल मागते, झेरॉक्स नाही आणि पीडीएफ तर नाहीच.

सी-४०३: पण ताई डिजिलॉकर चालतं ना सगळीकडे? मी सगळं त्यात टाकलंय

वकील ताई बी-५०१: त्यात दोन प्रकार आहेत. सरकारी खात्याने थेट पाठवलेलं, म्हणजे इश्यूड मध्ये दिसतं ते, लायसन्स आरसी वगैरे, ते मूळ कागदाच्या बरोबरीचं धरतात. तुम्ही स्वतः फोटो काढून अपलोड केलेलं अ‍ॅग्रीमेंट हा फक्त तुमचा फोटो, त्याला तो दर्जा नाही. बरेच जण इथेच फसतात.

आबा सी-१०२: माझी सगळी नोकरी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये गेली. तेव्हापासून ऐकतोय कागद संपणार, कागद संपणार. आता पासपोर्टमध्ये चिप आली तरी पुस्तिका छापावीच लागते आणि ती छापतात आपल्याच नाशिकरोडला

ए-३०२: 😄 आबा

खजिनदार सी-२०१: मला बिलांबद्दल बोलायचंय, मेलवर बिल गेलं की काम झालं असं सगळ्यांना वाटतं पण कागदी बिलाला खाली पावतीची पट्टी होती, ती फाडून चेकसोबत यायची, फ्लॅट नंबर त्यावर असायचाच. आता युपीआयने पैसे येतात, नाव येतं सुनेचं नाहीतर कंपनीचं, रिमार्क रिकामा, कुणी दोन महिन्यांचे एकदम टाकतं, कुणी शंभर रुपये कमी टाकतं आणि वर स्क्रीनशॉट पाठवतं इथे ग्रुपवर, जिथे त्याच्यावर चाळीस गुड मॉर्निंग येऊन बसतात. आणि महिनाअखेरीला बँक स्टेटमेंट घेऊन मीच हुडकत बसतो हा कोण. कागद वाचला, माझा रविवार गेला. कृपया रिमार्कमध्ये विंग आणि फ्लॅट नंबर लिहा, बाकी काही नको.

ए-३०२: लिहीन यापुढे काका

खजिनदार सी-२०१: आणि ऑडिटर अजून व्हाउचरवर सही बघतात. ऑडिट होईपर्यंत व्हाउचर फाईल हलणार नाही, रद्दी तर सोडाच. पेट्रोल पंपाच्या, हार्डवेअरच्या त्या गुळगुळीत कागदावरच्या पावत्या मात्र आल्या दिवशी स्कॅन करा, जनरेटरच्या डिझेलची मागच्या वर्षीची एक पावती काढली तर कोरी पांढरी, अक्षर उडून गेलेलं.

बी-३०३: स्कॅनिंग मी करून देतो, कॅमस्कॅनर आहे मोबाईलमध्ये

सी-४०३: ते २०२० मध्येच बंदी आलेल्या अ‍ॅपमध्ये होतं ना? गूगल ड्राइव्हमध्येच स्कॅनचं बटण आहे की

बी-३०३: हो का. बरं ड्राइव्हने करतो

आयटीवाला बी-४०२: करा पण फाईलला नाव द्या राव. मागच्या कमिटीने स्कॅन केलेलं फोल्डर मी बघितलंय, स्कॅन १, स्कॅन २, न्यू स्कॅन, न्यू स्कॅन फायनल. लिफ्टचं एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, शोधायला सगळं उघडून बघावं लागलं. कपाटात निदान फायलीच्या पाठीवर खडूने लिहिलेलं होतं. वर्ष, महिना, विषय, पार्टीचं नाव, एवढं फाईलच्या नावात आलं तरी पुरे. आणि सरळ धरून, उजेडात, पूर्ण पान. अर्धं बोट आलेलं स्कॅन नको.

आयटीवाला बी-४०२: दुसरं एक. २००९ पासूनची काही मिनिट्स वर्डमध्ये आहेत पण शिवाजी फॉन्टमध्ये टाईप केलेली. मोबाईलवर उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं आणि कंस दिसतात. ज्या पीसीवर तो फॉन्ट होता तो पीसी भंगारात गेला. कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये, म्हणजे कुठेही वाचता येईल अशा अक्षरांत, आणता येईल पण जोडाक्षरं तुटतात, कुणीतरी छापील मिनिट बुक समोर धरून एकेक ओळ तपासायला लागेल. म्हणजे कागद आहे म्हणून ते दुरुस्त तरी करता येणार, ताईंचा मुद्दा इथे पण लागू.

नाना ए-१०१: बिल्डरने पझेशनच्या वेळी ड्रेनेज आणि वायरिंगच्या नकाशांची सीडी दिली होती. कपाटात आहे. लावायची कशात ते सांगा

सी-४०३: सीडी ड्राइव्ह आता कुणाकडे असणार

आबा सी-१०२: माझ्या मुलाच्या जुन्या डेस्कटॉपला आहे बहुतेक. चालू होतो की नाही बघून सांगतो

नाना ए-१०१: आणि मंजूर नकाशाची ब्ल्यू प्रिंट मोबाईलने स्कॅन करू नका. टेबलाएवढा कागद आहे, तुकडे तुकडे फोटो काढले तर मापं वाचता येत नाहीत. मोठा स्कॅनर असतो त्या झेरॉक्सवाल्याकडे नेऊन एकसंध करा, आणि आता ती फिकी पडत चाललीय, उन्हात ठेवू नका.

वहिनी ए-२०२: आमच्या सासऱ्यांचं सराफ बाजारात दुकान होतं. २०१९ च्या पुरात गोदावरीचं पाणी आत शिरलं, वह्या सगळ्या लगदा. तेव्हापासून आमच्याकडे महत्त्वाचं सगळं स्कॅन आहे. म्हणून स्कॅनला विरोध करू नका, कागद पण सुरक्षित नसतो

वकील ताई बी-५०१: अगदी बरोबर वहिनी. विरोध नाहीच कुणाचा, दोन्ही ठेवा एवढंच.

आबा सी-१०२: त्र्यंबकला आणि पंचवटीत गुरुजींकडे नामावळीच्या वह्या बघा. पणजोबांची सही दाखवतात. पासवर्ड लागत नाही 😄

आयटीवाला बी-४०२: आबा पासवर्डवरून आठवलं, मूळ दुखणं तेच आहे. आपलं ड्राइव्ह आहे मागच्या सेक्रेटरींच्या पर्सनल जीमेलवर. ते पुण्याला शिफ्ट झाले, माणूस चांगला आहे, फोन उचलतात, पण लॉगिन केलं की ओटीपी त्यांच्या मोबाईलवर जातो आणि ते मीटिंगमध्ये असले की आपण थांबायचं. उद्या त्यांनी नंबर बदलला तर? शिवाय दोन वर्षं वापरलं नाही तर गूगल अकाउंट डिलीट करू शकतं. कपाटाची एक किल्ली वॉचमनकडे, एक चेअरमनकडे हे सगळ्यांना माहीत होतं, ड्राइव्हची किल्ली कुणाकडे हे कुणालाच माहीत नाही

सेक्रेटरी बी-२०४: मग नवीन मेल काढू सोसायटीच्या नावाने

आयटीवाला बी-४०२: काढा, पण मोबाईल नंबर कुणाचा घालणार? तुमचा घातला तर पुढच्या इलेक्शननंतर परत हेच. गूगल ओटीपीऐवजी चालणारे बॅकअप कोड देतं दहा, ते प्रिंट काढून पाकिटात सील करा आणि सोसायटीच्या बँक लॉकरमध्ये ठेवा. कमिटी बदलली की चार्ज देताना चार्ज लिस्टमध्ये ती एक ओळ. शिवाय वर्षातून एकदा सगळं एका हार्ड डिस्कवर उतरवून घ्यायचं, ड्राइव्हवर एकच कॉपी म्हणजे कॉपी नाही.

ए-३०२: पेपरलेस होण्यासाठी पहिलं पाऊल, प्रिंट काढा 😂

आयटीवाला बी-४०२: हसू नका, खरंच काढा

सेक्रेटरी बी-२०४: एनओसीचं काय ताई? लोक म्हणतात मेलवर द्या. माझी सही स्कॅन करून लेटरहेडवर चिकटवतो मी

वकील ताई बी-५०१: ते लगेच बंद करा साहेब. चिकटवलेला फोटो म्हणजे डिजिटल सही नव्हे, तो कुणीही कापून दुसऱ्या पत्रावर लावेल आणि तुम्ही नाही म्हणत बसाल. डिजिटल सहीचं सर्टिफिकेट काढावं लागतं, पेनड्राइव्हसारखं टोकन मिळतं. तोवर एनओसी पेनाने, शिक्क्यासह.

नाना ए-१०१: मग मृत्युपत्र पण डिजिटल सहीने चालेल का, विचारून ठेवतो

वकील ताई बी-५०१: नाही नाना. आयटी कायदा २००० मध्ये ज्या दस्तांना तो कायदा लागूच नाही त्यात मृत्युपत्र आहे. कागदावर, तुमची सही, दोन साक्षीदार. तब्येत बरी आहे ना?

नाना ए-१०१: ठणठणीत. सहज विचारलं

वकील ताई बी-५०१: जाता जाता, काल कुणीतरी नवीन भाडेकरूंचं आधार आणि अ‍ॅग्रीमेंट इथे ग्रुपवर टाकलंय. दीडशे लोकांच्या मोबाईलमध्ये ते उतरलं. कृपया डिलीट करा, आणि पुढे सेक्रेटरींना एकट्यांना पाठवा, ते पण मास्क्ड आधार, ज्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. कपाटात असताना निदान कुलूप तरी होतं.

बी-३०३: डिलीट केलं ताई

वहिनी ए-२०२: एक राहिलं. ए-००२ च्या आजी एकट्या असतात, त्यांच्याकडे साधा फोन आहे. सी विंगमध्येही दोघं-तिघं आहेत. त्यांना बिल कसं कळणार?

खजिनदार सी-२०१: माझ्याकडे अशा सहा-सात घरांची नावं आहेत, त्यांचं बिल छापूनच देऊ. सहा कागदांनी झाडं नाही मरत.

सेक्रेटरी बी-२०४: ठीक आहे मंडळी, सुधारित सांगतो. रद्दी कॅन्सल. रविवारी १० वाजता ऑफिसमध्ये कपाट उघडून आधी यादी करू, नाना आणि ताई हजर राहिले तर बरं. मूळ कागद नवीन स्टीलच्या पेटीत, जमिनीपासून वर, ओल्या भिंतीला न लावता. बी-३०३ आणि आयटीवाले साहेब स्कॅनिंग बघतील. बिलं मेलवर चालू, ज्यांना कागद हवा त्यांनी खजिनदारांना कळवा.

नाना ए-१०१: एजीएमची, वार्षिक सभेची, नोटीस? १४ दिवस आधी लागते. ग्रुपवर टाकली आणि कुणी म्यूट करून ठेवलं असेल तर तो म्हणणार मला मिळालीच नाही

सेक्रेटरी बी-२०४: ग्रुपवर, मेलवर आणि तिन्ही विंगच्या बोर्डावर. शिवाय घरोघर सही घेऊन.

नाना ए-१०१: बोर्डाच्या काचेची चावी हरवलीय

सेक्रेटरी बी-२०४: करून घेतो उद्या